न झालेल्या घटस्फोटाची नक्कल

ठाकूरद्वारच्या मागच्या वाडीत फ्लोरीला ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. बॅलार्ड इस्टेटच्या एका शिपिंग कंपनीत तिने उभा जन्म स्टेनोगिरी केली. वाडीत कुणाचा पासपोर्ट अडला, कुणाचं पेन्शन रखडलं, की लोक तिच्या लाकडी जिन्याखाली उभे राहून हाक मारायचे, आणि ही चष्मा नाकावर चढवत खाली यायची. सगळ्या वाडीचे कागद तिने मार्गी लावले. स्वतःचा कागद मात्र बाईने कधी उघडून पाहिला नाही. माणूस असंच असतं, दुसऱ्याच्या घरात शहाणं.

तरुणपणी तिचं वेन नावाच्या माणसाशी लग्न झालं होतं. वर्षभर जेमतेम टिकलं. वेनची आधीपासून एक बाई होती, लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत तो तिच्याकडेच राहत होता. हे कळल्यावर फ्लोरी जी माहेरी आली ती आलीच. तिच्या डॅडींनी चर्चच्या ट्रायब्युनलकडे धाव घेतली, साक्षी झाल्या, आणि हे लग्न मुळात लग्नच नव्हतं असा निकाल आला. त्या दिवसापासून वाडीच्या लेखी फ्लोरी मोकळी. तिच्या स्वतःच्या लेखीसुद्धा.

पुन्हा लग्नाचा विचार तिने केला नाही. विचार आला तो कास्मीरमुळे, आणि तोही साठी उलटून गेल्यावर.

कास्मीर भायखळ्याचा टेलर. सूट शिवावा तर त्यानेच, असं एकेकाळी लोक म्हणायचे. आता सूट कोण शिवतो? बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा प्रेस्टन कॅनडात. फ्लोरीच्या चर्चच्या क्वायरमध्ये, गाणाऱ्यांच्या मेळ्यात, तो खालच्या पट्टीत गायचा. फ्लोरी बायकांच्या रांगेत असायची, मधे तीनचार माणसं, तरी एकाचा सूर चुकला की दुसऱ्याला कळायचं. मग रविवारच्या मिस्सेनंतर, चर्चची प्रार्थना आटोपली की, तो तिच्याकडे चहाला यायला लागला. ती फुगे, ते गोडसर पिठाचे गोळे, तळायची, तो खाताना काही बोलायचा नाही आणि डबा भरून न्यायचा. वाडीने बघितलं, थोडं हसून घेतलं, मग सवय झाली.

गेल्या हिवाळ्यात कास्मीरला धाप लागायला लागली. परळच्या हॉस्पिटलात सांगितलं, हृदयाची झडप बदलावी लागेल, दोनतीन महिन्यांच्या आत. फॉर्म भरायला दोघं बाकावर बसली.

"जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहायचंय," कास्मीर म्हणाला. "प्रेस्टन तर येत नाही वेळेवर."

"माझं लिही."

"नातं काय लिहू? शेजारीण म्हणावं तर मी भायखळ्याला, तू ठाकूरद्वारला."

 कास्मीरने पेनाचं टोपण लावलं, फॉर्मची घडी केली आणि खिशात ठेवली. "मग लग्न करू," तो म्हणाला. "ऑपरेशनच्या आधी. आत नेताना सही तुझी असू दे, आणि काही झालं तर मला घरी नेणारी तू असू दे. परक्यासारखं बाहेर उभं राहायचं नाही तू." एवढं लांब वाक्य त्या माणसाने कधी बोललेलं फ्लोरीला आठवत नव्हतं. तिने मान हलवली. घरी येण्याआधी त्याने दादरला जाऊन मोतिया रंगाचं कापड घेतलं. आयुष्यात बायकांचे कपडे शिवले नव्हते पठ्ठ्याने, पण हा झगा मीच शिवणार म्हणाला.

आणि मग घोडं अडलं. चर्चमधले फादर नवे होते, वयाने तिला मुलासारखे. त्यांनी जुनं रजिस्टर पाहिलं, ट्रायब्युनलची नोंद पाहिली आणि विचारलं, "कोर्टाची डिक्री?"

"चर्चने लग्न रद्द केलंय ना, फादर."

"ते चर्चपुरतं, आंटी. सरकार ते मानत नाही. कोर्टाचा हुकूम नसेल तर कायद्याने तुम्ही अजून त्यांच्या पत्नी आहात. लग्नाआधी चर्चमध्ये हरकती मागवायला नावं पुकारतात, ती तुमची मी पुकारू शकत नाही."

फ्लोरी घाबरली नाही. तिला चांगलं आठवत होतं, डॅडींबरोबर ती फोर्टात एका मोठ्या दगडी इमारतीत गेली होती आणि एका काळ्या कोटवाल्यासमोर सही केली होती. म्हणजे केस झालेली होती. कागद काढायचा एवढंच. दुसऱ्यांचे इतके काढले, स्वतःचा निघणार नाही?

आधी ती वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात गेली. खिडकीतल्या बाईने वर्ष विचारलं आणि मान हलवली. "हे कोर्ट सुरू झालं एकोणनव्वदला. त्याच्या आधीचं इथे कसं असेल? तेव्हाच्या ख्रिश्चन लोकांच्या केसेस हायकोर्टात चालायच्या. फोर्टात बघा."

फोर्टात विचारलं, "केस नंबर?" नंबर कुठून आणणार? डॅडी जाऊन वीस वर्षं झाली, वकील त्यांच्याही आधी गेला. मग शोधासाठी अर्ज करा म्हणाले. नवराबायकोची पूर्ण नावं, अंदाजे साल, कशासाठी हवं ते कारण, कोर्ट फीचं तिकीट, ओळखपत्र. "पक्षकार तुम्ही स्वतःच ना? मग बरं आहे," तिथला कारकून म्हणाला. "नवराबायकोचे कागद आम्ही दुसऱ्या कुणाला सहज दाखवत नाही. सापडलं की नक्कल मिळेल. पण जुनं आहे, धीर धरा."

धीर! इकडे कास्मीर जिना चढताना दोनदा थांबायला लागला होता. फ्लोरीने त्या कोर्टाचे उंबरठे झिजवले. कधी साहेब रजेवर, कधी गठ्ठा दुसऱ्या इमारतीत. तिचा जीव टांगणीला लागला होता, पण चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही. संध्याकाळी कास्मीरकडे जायची, तो मशीनवर मोतिया कापड शिवत बसलेला असायचा. "मिळालं?" तो विचारायचा. "मिळेल," ती म्हणायची.

एका दुपारी नक्कल मिळाली. शिक्का, सही, सगळं नीट. एकच पान होतं. फ्लोरीने ते उलटं करून पाहिलं.

"डिक्री कुठाय यात?"

कारकुनाने पान आपल्याकडे फिरवून वाचलं. "डिक्री नाहीये, बाई. अर्ज मागे घेतलाय. तुमच्याच वकिलाने. सुनावणी व्हायच्या आधीच."

"म्हणजे?"

"म्हणजे घटस्फोट झालाच नाही."

फ्लोरी बाहेरच्या बाकावर बसली. हळूहळू तिला सगळं उलगडत गेलं. त्या काळी ख्रिश्चन बाईला नवऱ्याची नुसती बाई आहे एवढं सांगून सुटका मिळत नसे. त्याने छळलं किंवा टाकलं हेही सिद्ध करावं लागे, आणि तेही भर कोर्टात, परक्या पुरुषांसमोर. डॅडींना ते सोसवलं नसणार. चर्चचा निकाल आला त्या संध्याकाळी ते काय म्हणाले ते तिला शब्दन् शब्द आठवलं. "देवाच्या कोर्टात सुटलीस, पोरी. आता माणसांच्या कोर्टात कशाला उभी राहतेस?" ते असं बोलले होते आणि तिला हायसं वाटलं होतं. पुढे विचारायचं तिलाही सुचलं नाही. आज तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि रागावताना डोळे भरून आले. बापाने लेकीची लाज राखली होती, आणि तिला जन्मभर वेनशी बांधून ठेवलं होतं.

कास्मीरने सगळं ऐकलं. टाचण्या डबीत भरल्या. मग म्हणाला, "त्याला शोधू. आता दोघांच्या संमतीने लवकर होतं म्हणतात."

वेनची बहीण मेलानी भायखळ्यातच राहत होती. फ्लोरी एकटी गेली. मेलानीने दाराची साखळी न काढताच तिला ओळखलं.

"वेन?" ती म्हणाली. "वेन गेला ना. चार वर्षं झाली."

साखळी निघाली. आतल्या खोलीत एक लोखंडी पलंग होता, त्यावर आता इस्त्रीचे कपडे. शेवटी वेन तिथेच राहत होता, एकटा. ती दुसरी बाई कधीच सोडून गेली होती.

"मला कुणी कळवलं नाही," फ्लोरी म्हणाली.

"तुला का कळवायचं? तू आमची कोण होतीस?" मेलानी तोडून बोलली नाही, खरंच विचारल्यासारखं बोलली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझं नाव काढलं का शेवटी, असं विचारशील. नाही काढलं. खोटं कशाला सांगू?"

मृत्यूचा दाखला तिच्याकडे एकच होता, तो द्यायला ती तयार नव्हती. फ्लोरीला स्वतःच महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज करावा लागला. त्यात एक रकाना होता, मृताशी नाते. फ्लोरीने हजारो अर्ज भरले होते, तिथे कधी अडली नव्हती. मागचा माणूस सरका म्हणायला लागला. मग तिने लिहिलं, पत्नी. स्वतःसाठी हा शब्द ती पहिल्यांदा लिहीत होती. घटस्फोटाचा कागद काढायला निघालेली बाई विधवा होऊन घरी आली.

आता खरं तर आनंदच व्हायला हवा होता. दाखला फादरना दाखवायचा, नावं पुकारायची, संपलं. कास्मीरकडे पोचली तेव्हा मोतिया झगा हँगरवर लटकत होता, फक्त हातशिलाई राहिली होती. तो बघून फ्लोरी खुर्चीत बसली आणि रडायला लागली. वेनवर तिचं प्रेम नव्हतं. राग होता, तोही झिजून गेलेला. पण तो इथे दोन गल्ल्यांपलीकडे मेला, शवपेटीमागे त्याची म्हणून कुणी चाललं नाही, आणि कायद्याने ती तेव्हा त्याची बायको होती. मशीनवरचं कापड बाजूला सारून कास्मीर तिच्यासमोर येऊन बसला.

"नवरा गेला की आमच्याकडे वर्षभर काळं घालतात," फ्लोरी डोळे पुसत म्हणाली. "तुझ्याकडे वर्ष नाही, कास्मीर. मला माहीत आहे."

"वर्ष नाही," तो म्हणाला. "रविवार आहे."

त्याने कपाट उघडलं. कुणा गिऱ्हाइकाने कधीच न नेलेलं काळं सुटाचं कापड होतं, ते काढलं. मोतिया झग्याचीच मापं घेऊन त्याने काळा झगा बेतला. मधे दोनदा दम लागला म्हणून थांबला. फ्लोरी नको म्हणाली नाही. तिला ते हवं होतं.

रविवारी फादरनी वाचलं, आजची मिस्सा वेनच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून, पत्नी फ्लोरीकडून. वाडीतल्या बायका माना वळवून बघायला लागल्या, वळू देत. मेलानीला फोन केला होता, ती आली नाही. कास्मीर त्या दिवशी क्वायरमध्ये उभा राहिला नाही. तो फ्लोरीच्या शेजारी बसला, आणि वेनसाठीची सगळी गाणी त्याने बसल्या जागेवरून म्हटली.

त्यानंतर दोघांची नावं पुकारली गेली. हरकत कुणाची आली नाही. लग्न शनिवारी झालं, चार माणसांत, मोतिया झग्यात.

मंगळवारी परळला कास्मीरला आत न्यायच्या आधी नर्सने फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, रुग्णाशी नाते. फ्लोरीने न थांबता पत्नी लिहिलं आणि सही केली. नर्सने दोघांचे पांढरे केस पाहिले, स्ट्रेचरवरून कास्मीरने फ्लोरीचा हात धरून ठेवला होता तोही पाहिला.

"किती वर्षं झाली लग्नाला, आंटी?"

"शनिवारी झालं," फ्लोरी म्हणाली, आणि स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत गेली.