गुलाबी बाप्तिस्मा

माझा बाप्तिस्मा साबणाच्या पाण्यात झाला.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्या मंडळीत तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. माणूस मोठा झाला, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केला, की त्याला पाण्यात पुरता बुडवून वर काढतात. रीत सुंदर आहे. फक्त ती ज्यांनी घालून दिली त्यांच्या गावाजवळ नदी होती. आम्ही राहत होतो हर्सूलच्या पुढं, नव्या प्लॉटिंगमध्ये. तिथं इमारती दर महिन्याला एक मजला वर जात होत्या आणि बोअरचं पाणी एक मजला खाली!

बाप्तिस्मा आधीही ठरला होता, पण आमच्या घराला मोकळा रविवारच सापडत नव्हता. कधी पप्पांना वाळूजच्या कंपनीत डबल शिफ्ट लागायची, कधी मम्मीला दवाखान्यात (ती तिथं आया आहे) रजा मिळायची नाही. मग माझीच परीक्षा आली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, त्यामुळं माझ्या परीक्षेसाठी देवानंही थोडं थांबावं, असं पप्पांचं मत. मला मात्र आतून भीती वाटू लागली होती. असंच चाललं तर उद्या मलाही नोकरी लागेल, माझीही शिफ्ट सुरू होईल आणि विश्वास कबूल करायचा राहूनच जाईल.

शेवटी मंडळीच्या पाळकसाहेबांनीच एक रविवार पक्का केला. चर्चच्या मागं सिमेंटचा हौद होता, तो टँकरनं भरायचा ठरला. शेजारच्या सुरेखाकाकू लगेच म्हणाल्या, "माणसं हंड्याहंड्यासाठी भांडायलीत, अन् तुम्ही एका पोराला बुडवायला टँकर आणता व्हय?" त्यांचं चुकत नव्हतं. मला तर जेवण जाईना. तेव्हा पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "बाप्तिस्मा झाला की हौद सगळ्या गल्लीला खुला. धुण्याभांड्याला खुशाल न्या."

शनिवारी टँकर आला. टँकरवाल्या चाचांनी हौदात पाइप सोडला आणि विचारलं, "इत्ता पानी? शादी है क्या?"

"नहीं, बाप्तिस्मा."

"वो कित्ते लोगां का होता?"

"एक का. मेरा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "इत्ते मैले तो नहीं दिखते," ते म्हणाले.

संध्याकाळी देवगाव रंगारीहून मार्थाआत्या आली. ती पप्पांची थोरली बहीण. डोक्यावर हे मोठं बोचकं! माझ्यासाठी काहीतरी आणलं असेल, असं मला वाटलं. (वाटलं एवढंच.)

रविवारी पहाटे पप्पा रात्रपाळीहून येऊन आडवे झाले, मम्मी सकाळची ड्युटी उरकायला गेली. चर्च आमच्या घराला लागूनच आहे. मी पांढरा सदरा-पायजमा घालून तिथं एकटाच जाऊन बसलो. लोकांसमोर बोलताना मी अडखळतो, ते आज होऊ नये म्हणून डोळे मिटून प्रार्थना करू लागलो. आणि ऐकू आलं, धप्, धप्, धप्. आपलं काळीज देवासाठी इतकं धडधडतं हे पाहून मला स्वतःबद्दल आदरच वाटला. मी आणखी मन लावलं. धडधड आणखी वाढली. मग ती एकदम थांबली आणि कुणीतरी काहीतरी पिळत असल्यासारखा आवाज आला, तरी मी डोळे उघडले नाहीत.

उपासना झाली. मंडळी गात गात मागच्या अंगणात निघाली. पाळकसाहेब सर्वांत पुढं. हौदापाशी ते थांबले आणि मागचं गाणं एकेका माणसागणिक बंद पडत गेलं.

हौदातलं पाणी लाल होतं. वर फेस तरंगत होता.

मला तर बायबलातली मिसर देशाची ती नदी आठवली, जिच्या पाण्याचं रक्त झालं होतं. तिथं निदान दोष फारो राजाचा होता. इथं मीच उभा होतो.

"हे काय आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"गोधड्या," आत्या म्हणाली. तिनं कुंपणाकडं बोट दाखवलं. तिथं त्या रांगेनं वाळत होत्या. "लाल लुगड्याचं ठिगळ होतं, त्याचा रंग सुटला थोडा."

"आत्या, यात माझा बाप्तिस्मा होता."

"मग घे ना. मी कुठं पाणी सांडलं? काठोकाठ हाय."

तेवढ्यात ड्युटीवरून धापा टाकत आलेली मम्मी म्हणाली, "अहो अक्का, धुणं बाप्तिस्म्यानंतर होतं."

"नंतर समदी गल्ली लाइनीत उभी राहणार, अन् माझी यष्टी बाराची. आमच्याकडं प्यायलाच टँकर येतो, गोधड्या धुवाव्या कधी माणसानं?"

सुरेखाकाकू बादली घेऊन उभ्याच होत्या. "आता ह्या पाण्याचं आम्ही काय करावं?"

"धुवा की याच्यातच. साबण आयताच हाय."

पप्पांनी घड्याळ पाहिलं. "साहेब, पुढच्या महिन्यात बघायचं का? मला दुपारी परत ड्युटी आहे."

पुढचा महिना! "नाही साहेब," मी म्हणालो. "आजच." सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मी न अडखळता बोललो होतो.

पाळकसाहेबांनी पाण्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून पप्पांच्या हातात दिलं. "ओलं आहे ना? मग चालेल."

आम्ही दोघं छातीभर फेसात उतरलो. मी साऱ्या मंडळीसमोर वचन दिलं, "ख्रिस्ताचं नाव जगापुढं सांगायला मी कधीही लाजणार नाही." मग बुडालो, वर आलो. नाकातून बुडबुडे निघत होते.

"आता काय वाटतं?" पाळकसाहेबांनी विचारलं. सगळे कान टवकारून उभे.

"डोळे चुरचुरतात."

"माझेही," ते हळूच म्हणाले. मंडळी म्हणाली, "आमेन."

सदऱ्याचं जाऊ द्या, पण सोमवारी माझे कान आणि मान अजूनही गुलाबीच होते. बसस्टॉपवर एक काका माझ्याकडं एकटक बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"लाज वाटती का काही? लोकं पाण्यासाठी मरायलीत, अन् तुम्ही कॉलेजातली पोरं रंग खेळायलात?"

अख्खा बसस्टॉप माझ्याकडं वळला. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. जग समोर होतं, प्रश्न स्पष्ट होता. मी एक खोल श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"सॉरी काका," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी कोरडा खेळतो."