रंगनाथनं पुजलेला लॅपटॉप

रंगनाथ आमच्या सातपूरच्या पंपांच्या कंपनीत सव्वीस वर्षं कँटीन चालवतो. मूळचा देवळ्याचा. माणूस देवभोळा की डांबरट, यावर आमच्यात आजही दोन तट आहेत. मी दुसऱ्या तटातला.

गेल्या वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं. कोर्टानं मालकाला बाजूला करून गोविंदराव नावाच्या साहेबांना बसवलं. साहेब पंचवटीतले, पुरोहितांच्या घरातले. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "दोनच वाटा आहेत. चालू कंपनी कुणीतरी विकत घेईल, नाहीतर कुलूप लावून यंत्रं भंगारात."

"आन् माझं कँटीन?" रंगनाथनं विचारलं.

"तेही भंगारात."

त्या दिवसापासून साहेबांच्या चहातली साखर बंद झाली.

पुण्याची एक कंपनी आम्हाला घ्यायला तयार होती, पण तिचे कागद काही येईनात. बँकवाले कंटाळले. बुधवारी, खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत कागद आले नाहीत, तर भंगाराचा प्रस्ताव बँकांना धाडायचा असं ठरलं. प्रस्ताव साहेबांच्या लॅपटॉपमध्ये तयारच होता. आम्ही चारशे जण गॅसवर.

तरी खंडेनवमीला आम्ही नेहमीसारखी यंत्रं धुऊन-पुसून पुजली. पगार नव्हता म्हणून काय झालं? साहेबही खाली आरतीला आले. तेवढ्यात रंगनाथ पूजेचं ताट घेऊन त्यांच्या केबिनमध्ये शिरला.

साहेब वर येऊन बघतात तो लॅपटॉपला झेंडूची माळ, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. मोबाईल, शिक्का, स्टेपलर, सगळे हळदकुंकू लावून पाटावर ओळीनं बसलेले.

"रंगनाथ, हे काय?"

"हत्यारं पुजली, साहेब. आता दसरा होईस्तोवर हात नाय लावायचा."

"अरे, मला संध्याकाळी प्रस्ताव पाठवायचाय!"

"मंग पाठवा की. तुम्ही तर भटजींच्या घरातले, तुम्हाला मी काय सांगू?"

साहेबांनी तीनदा हात पुढे केला, तीनदा मागे घेतला. पुजलेल्या हत्याराला हात लावू नये, हे त्यांच्या वाडवडिलांनीच तर पिढ्यानपिढ्या लोकांना बजावलेलं. शेवटी त्यांनी 'तांत्रिक अडचण आहे' असं बँकवाल्यांना कळवलं, तेही रंगनाथच्या फोनवरून. तो फोन पुजायचा रंगनाथ बरोबर विसरला होता.

गुरुवारी दसऱ्याची सुट्टी. शुक्रवारी साहेबांनी माळ काढून लॅपटॉप उघडला, तर पुण्याचे कागद येऊन पडलेले. पुढे बँकांनी मतं दिली आणि कंपनी चालू स्थितीत विकली गेली, कँटीनसकट. मी स्टोअरमध्ये जाऊन रडलो, सांगायला लाज कसली.

काम संपवून निघताना साहेबांनी विचारलंच, "खरं सांग, मुद्दाम केलंस ना?"

रंगनाथ चहा ढवळत म्हणाला, "साहेब, आमच्या लेथवर लोखंड कापत्यात. तुमच्या त्या डबड्यानं चारशे घरं कापली असती. एवढं मोठं हत्यार, अन् तेच पुजायचं राहिलं असतं तर?"

साहेबांनी कप तोंडाला लावला. चहात चांगली दोन चमचे साखर होती.