खलाशाला बक्षीस नाही

आमचे बाबा जहाजांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलाकडे चाळीस वर्षं कारकून होते. स्वतः कधी होडीतसुद्धा बसले नाहीत, पाणी बघूनच त्यांना गरगरतं. पण बंदरात कुठल्या शब्दाचा अर्थ अडला की एजंटापासून खुद्द वकीलसाहेबांपर्यंत सगळे त्यांनाच विचारायचे. घरी कोणी विचारत नसे, तरी सांगायचे. मला बाथरूममध्ये जरा उशीर झाला की बाहेरून हाक, “डेमरेज सुरू झालं हं! ठरल्या वेळेपेक्षा जहाज अडकवून ठेवलं की दंड असतो.” त्यांची फाटकी छत्री मी फेकून दिली तर म्हणे, “माल फेकायचा तो जहाज बुडत असेल तर. आपण बुडत होतो का?” सांगा, अशा माणसाशी काय बोलणार?

बाबा निवृत्त झाल्यावर साहेबांनी त्यांना काम दिलं. खलाशांसाठी कायद्यातल्या शब्दांचे अर्थ सोप्या मराठीत लिहायचे, उदाहरणांसकट. बाबांना आकाश ठेंगणं झालं. सहा महिने जेवताना शेजारी कागद. मग छापखान्यातून प्रुफं आली आणि आई कामाला जुंपली गेली. ती प्रूफ मोठ्याने वाचणार, बाबा मूळ कागदावर बोट ठेवून ताडून बघणार. चिन्हंसुद्धा वाचायची. आठवडाभर आमच्या घरात तेच चाललं होतं. “जहाज खडकावर आदळले स्वल्पविराम तर कॅप्टनने लेखी निवेदन द्यावे पूर्णविराम.”

‘साल्व्हेज’ हा शब्द आला तेव्हा मी भाजी निवडत होते. आई वाचत होती, “संकटातले जहाज वाचवणाऱ्या परक्या माणसाला मिळणारे बक्षीस पूर्णविराम. जहाजावरच्या खलाशाला ते मिळत नाही पूर्णविराम. उदाहरणार्थ स्वल्पविराम घराला लागलेली आग वाटसरूने विझवली तर बक्षीस स्वल्पविराम घरच्या बाईने विझवली तर नाही स्वल्पविराम कारण ते तिचे कर्तव्यच...”

आई थांबली. गेल्या वर्षी इस्त्रीची वायर पेटली होती. आईने मेन स्विच बंद करून आगीवर घोंगडी टाकली, तेव्हा तिचं मनगट भाजलं. डाग अजून आहे. त्या वेळी बाबा बाहेरच्या खोलीत ‘आग’ या शब्दाचा अर्थ लिहीत होते, खोटं नाही सांगत.

“पुढे वाच ना,” बाबा म्हणाले.

“मी चालले ताईकडे. पूर्णविराम.”

आणि खरंच गेली! मावशीचं घर पुढच्याच गल्लीत, पण चार दिवस आई फिरकली नाही. फोन केला की मावशीच उचलायची. मी बाबांवर उखडले, “जा, माफी मागा.” तर म्हणतात, “पण अर्थ बरोबर आहे गं.” अस्सा राग आला म्हणून सांगू! तरी तिसऱ्या दिवशी पाहिलं, ते आईच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून स्वतःच वाचत होते, स्वतःच ताडून बघत होते. “येईल ना गं ती?” त्यांनी मला विचारलं.

पाचव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातला नळ बाबांच्या हातात आला. अक्षरशः हातात. पाण्याचा फवारा थेट छताला. पाणी बंद करायचा मुख्य कॉक कुठे आहे, हे तीस वर्षं त्या घरात राहून बाबांना माहीत नव्हतं आणि लाज वाटते, पण मलाही नव्हतं. मी फोनवर ओरडले, “मावशी, आईला पाठव, आम्ही बुडतोय!”

आई पाच मिनिटांत स्वयंपाकघराच्या दारात. बाबा प्रुफं डोक्यावर धरून खुर्चीवर उभे. आई उंबऱ्याबाहेरच थांबली.

“आधी सांगा, मी परकी की खलाशी?”

“अगं, पाणी...”

“अर्थ सांगा!”

खाली घोट्याएवढं पाणी, आणि हा माणूस खुर्चीवर उभा राहून खरंच विचार करायला लागला. “खलाशी आपणहून निघून गेला तर हक्क नाही. पण कॅप्टननेच त्याला उतरवलं असेल, तर तो परका धरतात.”

“मग मला कोणी उतरवलं?”

फवारा चालूच होता. बाबांनी प्रुफं खाली घेतली, ती भिजली तरी बघितलं नाही. “मीच,” ते म्हणाले. “चुकलो मी.”

आई आत आली, ओट्याखालचे डबे सरकवून हात घातला आणि कॉक फिरवला. पाणी थांबलं. इतकंच होतं ते!

“आता माझं बक्षीस?”

“वाचलेल्या मालाच्या किमतीवरून ठरतं,” बाबा म्हणाले. मग घराकडे बघत राहिले. “गेल्या चार दिवसांची विचारशील, तर किंमत शून्य.”

“म्हणजे बक्षीसही शून्य! वा रे कायदा!” आई हसता हसता डोळे पुसत होती. “उतरा आधी खाली, आणि फरशी पुसा.”

प्रुफं पुन्हा मागवावी लागली. बाबांनी त्या उदाहरणाखाली एक ओळ वाढवली. साहेबांनी ती लाल पेन्सिलीने खोडली, हा कायदा नाही म्हणून. चाळीस वर्षांत बाबांनी पहिल्यांदाच साहेबांचं ऐकलं नाही. पुस्तकात ती ओळ आहे, आईनेच वाचून तपासलेली. ‘घरच्या बाईने आग विझवली, तर आधी तिचा हात बघावा.’