पाटलांच्या जोड्याचा नंबर

दवाखान्यातले रोगी बरे होऊन घरी जातात, किस्से मात्र कायमचे भरती होऊन राहतात! साठ-बासष्टच्या सुमारास मी मुकुटबनच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. नागपूरहून नव्या डॉक्टरबाई आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "कंपाउंडर, आपल्याला इथलं सगळं सुधारायचंय."

"बाई, आधी सुया उकळायचा स्टोव्ह सुधारा!" मी म्हटलं.

*

पहिला नियम, दर रोग्याला सुई नव्याने उकळायची. एरवी आम्ही सकाळी एकदा उकळून मोकळे व्हायचो! इंजेक्शनला आलेल्या गणपतने पातेल्यात डोकावलं.

"शिजायले टाइम हाय ना? तवर बैलाले पाणी पाजून येतो!"

गेला तो संध्याकाळीच उगवला.

*

दुसरा नियम, औषधाची बाटली घरून धुऊन आणायची. एका म्हाताऱ्याची बाटली बाईंनी हुंगली.

"आजोबा, रॉकेलचा वास येतोय हिला!"

"मंग? तुमच्या औषधापरीस बराच हाय!"

*

तिसरा नियम रांगेचा. पूर्वी ज्याचा आवाज मोठा, त्याचा नंबर पहिला. आता उन्हात उभं कोण राहणार? लोकांनी रांगेत चपला मांडल्या आणि स्वतः कडुनिंबाखाली बसले. जंगलातून अनवाणी येणारे कोलाम आदिवासी दगड ठेवायचे. बाई खूश!

मी मात्र धास्तावलो. दवाखान्याची खोली पाटलांची, बिनभाड्याची. थांबायची सवय त्यांना नाही. ते बिनसले की दवाखाना रस्त्यावर, आणि रोग्यांना थेट वणी गाठावी लागणार.

एका सकाळी पाटलांच्या गड्याने त्यांचा जोडा आणून सर्वांत पुढे मांडला. पायाच्या जखमेला पट्टी बांधायला आलेल्या सोमाबाई कोलामिणीचा पहिला दगड मागे गेला.

"मालक मागून येऊन राह्यले. नंबर धरून ठेवा म्हणे."

बाई बाहेर आल्या. जोडा दारातल्या टेबलावर ठेवला, स्टेथोस्कोप लावला, नीट ऐकलं.

"याला काही झालेलं नाही. पुढचा!"

हसून हसून खोकल्याचे पेशंट वाढले. गडी जोडा घेऊन पळाला. मी गुपचूप बाटल्या पेटीत भरायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः आले, खोकत खोकत. कडुनिंबाखालचे सगळे उठून उभे! त्यांनी रांग पाहिली, जोडा काढला आणि सोमाबाईच्या दगडामागे ठेवला. ती घाबरून दगड उचलायला धावली.

"पाटील, तुमी व्हा पुढं."

"राहू दे बाई," पाटील म्हणाले, "माह्या जोड्याले कालच तपासलं. माहं होईल सावकाश!"