चाकं वर की खाली

कित्येक महिने आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर जेवलो नाही, कारण त्यावर विमान होतं. प्लास्टिकचं, लष्करी मालवाहू, चार इंजिनांचं, मागे ट्रकच्या फाळक्यासारखा उघडणारा दरवाजा असलेलं. पंख जोडले की ते टेबलाच्या दोन्ही कडांबाहेर येणार हे खोक्यावरच्या मापांवरून मला कळायला हवं होतं. पण खोकं विकत घेताना माणूस टेबलाचा विचार करत नाही. बायको ताटं घेऊन सोफ्यावर बसायची आणि जाता जाता विचारायची, "तुमच्या विमानतळावर मिठाची बरणी तेवढी ठेवायला परवानगी मिळेल का?"

आमची एकुलती एक मुलगी असंच खरं विमान चालवत होती. हवाई दलात वैमानिक. उत्तरेला, डोंगरांच्या पलीकडे, जिथे रस्ता अर्धं वर्ष बंद असतो तिथल्या ठाण्यांवर पीठ, रॉकेल, औषधं आणि माणसं पोचवायची. धायरीतल्या आमच्या सोसायटीत हे सांगताना माझी छाती फुगायची. घरी आलं की तीच छाती धडधडायची. मला भीती वाटायची, रोज वाटायची, आणि ती सकाळी दात घासताना सुरू व्हायची ती मुलीचा पोचल्याचा फोन येईपर्यंत जायची नाही.

पोचल्याचा फोन हा आमच्या घरचा नियम. स्वारगेटहून एसटीने साताऱ्याला गेलेल्या माणसानेही पोचल्याचा फोन करायचा, नाहीतर पुढच्या खेपेला त्याला ऐकून घ्यावं लागतं. मुलीने नोकरीत गेल्यावरही तो पाळला. उड्डाण संपवून तळावर परतली की संध्याकाळी फोन करायची, "पोचले" म्हणायची, आणि कधी कधी तेवढ्यातच लाइन तुटायची. तेवढं पुरायचं. मग आम्ही कुकर लावायचो.

माझी भीती बायकोच्या भीतीपेक्षा वाईट होती, कारण माझी भीती शिकलेली होती. मी सगळी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. वस्तू कशा मोडतात हे बघण्याचा मला पगार मिळायचा. बोल्ट कुठे झिजतो, नळी कुठल्या वळणावर फुटते, डोळ्यांना न दिसणारा तडा धातूत कसा पुढे सरकत जातो, हे सगळं मला पाठ. बायको आपली भीती देवाला सांगून मोकळी व्हायची. मी देव मानत नाही. नवस, उपास, दृष्ट काढणं यांवर मी लग्नापासून इतकी टिंगल केली होती की आता माघार घ्यायला तोंड उरलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मला वाटलं, या यंत्राशी एकदा ओळख करून घ्यावी. एकेक भाग स्वतःच्या हाताने बसवला की ते परकं राहणार नाही, आणि जे परकं नाही त्याची भीती कमी वाटते. हा माझा हिशेब. बुधवार पेठेत एका गल्लीत छंदाचं सामान विकणारं दुकान आहे. तिथल्या मालकांनी खोकं खाली काढायच्या आधी विचारलं, "नातवासाठी?"

"नाही, माझ्यासाठी."

"मग अर्धवट सोडून परत आणू नका. घेत नाही."

घरी येऊन खोकं उघडलं तर आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीला विमानाचे भाग फांदीला लागलेल्या शेंगांसारखे लटकलेले. ते कापायचे, कड घासायची, आधी कोरडे जुळवून बघायचे आणि मगच गोंद लावायचा. हा गोंद आपल्या डिंकासारखा नसतो. तो प्लास्टिक थोडं विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करून टाकतो. एकदा लावला की सुटत नाही, मोडावं लागतं. त्यामुळे कुठलीही चूक करायची तर ती गोंदाच्या आधी.

माझा हिशेब पहिल्याच आठवड्यात चुकला. वैमानिकांच्या जागेत दोन खुर्च्या होत्या, माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या. आपण उजवीकडे बसतो असं मुलीने सांगितलं होतं. ती उजवीकडची खुर्ची चिमट्यात धरली आणि मला दिसलं की तिच्या आणि बाहेरच्या आभाळाच्या मध्ये फक्त एक पातळ पत्रा आहे. खऱ्या विमानातही तेवढंच असणार, थोडंफार जाड. मी खुर्ची खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ओळख वाढेल तशी भीती कमी होईल म्हणे! प्रत्येक भाग बसवताना मला तो निखळण्याची एक नवी रीत सुचत होती. तरी सोडवत नव्हतं. हात चालू असले की वाट बघणं सोपं जायचं.

मग ती पायरी आली. विमानाचं पोट बंद करण्याआधी ठरवायचं असतं की ते जमिनीवर उभं दाखवायचं की उडताना. जमिनीवर असेल तर चाकं खाली आणि पोटाची दारं उघडी. उडताना असेल तर दारं बंद, आणि विमान एका काचेसारख्या दांडीवर चढवायचं. मी सूचनांचा कागद वाचत असताना बायको चहा घेऊन आली. तिने चित्रं बघितली आणि लगेच म्हणाली, "चाकं खाली ठेवा."

"का?"

"जमिनीवर असलेलं बरं."

"अगं, विमान आहे ते. रिक्षा स्टँडवर लावायचीय का?"

ती कप ठेवून आत गेली. संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम तिलाच विचारलं. ती हसली. "वर घ्या, बाबा. चाकं खाली असली की कसं अवघडल्यासारखं दिसतं. उडतानाच छान दिसतं." मी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन बोलत बसली. दुसऱ्या दिवशी मी पोटाची तिन्ही दारं गोंदाने बंद करून टाकली. उरलेली चाकं पिशवीत घालून खोक्यात टाकली आणि विसरलो.

रंग देऊन झाला, खुणा चिकटवून झाल्या. टेबलाच्या मधोमध दांडीवर विमान चढलं. येणारे-जाणारे कौतुक करायचे. बायको त्याच्यावरची धूळ मात्र पुसायची नाही. ती घरातली प्रत्येक गोष्ट पुसते, अगदी माझ्या चष्म्यासकट.

तो दिवस आला तेव्हा बायको खाली वाण्याकडे गेली होती. मी दुपारचा चहा करून टीव्ही लावला. खाली सरकणाऱ्या पट्टीत लिहिलं होतं की डोंगराळ भागात हवाई दलाच्या एका मालवाहू विमानाशी संपर्क तुटला आहे. कुठलं विमान, कुठून निघालेलं, कोण होतं, काही नाही. एवढंच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. पडद्यावर जे जुनं चित्र दाखवत होते ते माझ्या टेबलावरच्याच विमानाचं होतं.

मी मुलीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, वगैरे. हे नेहमीचंच होतं, उड्डाणाच्या वेळी तिचा फोन बंदच असायचा, पण त्या क्षणी त्या बाईचा आवाज मला असह्य झाला. तळाच्या कार्यालयाचा एक नंबर मुलीने आम्हाला देऊन ठेवला होता, फक्त तशीच वेळ आली तर लावायचा म्हणून. मी तो काढला, बघितला आणि लावला नाही. विचारलं नाही तोवर काही झालेलं नसतं, असा एक विचार माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला. जन्मभर दुसऱ्यांची अक्कल काढणारा मी, आणि माझं डोकं असं चालत होतं.

बायकोची चाहूल लागली तसा मी टीव्ही बंद केला. तिने पिशवी ओट्यावर ठेवली. साखर डब्यात ओतली, थोडी बाहेर सांडली, ती गोळा केली. मी विचारलं, "ऊन फार आहे का?" ती म्हणाली, "नाही." मग आम्ही दोघं सोफ्यावर बसलो. तिने टीव्ही लावला नाही. एरवी या वेळेला तिची मालिका असते. ती लावत नाही हे बघितल्यावर मला कळलं की तिलाही कळलंय. तिला सांगायला नको म्हणून मी गप्प, आणि मला सांगायला नको म्हणून ती गप्प. खालच्या वाण्याची बायको, जिच्या सासऱ्यांच्या शेतावर आमची इमारत उभी आहे, तिने विचारलं होतं, "काकू, तुमची लेक इमान चालवती न्हवं? टीव्हीवर काय तरी सांगायल्यात, फोन लावून बघा की." हे मला बायकोने नंतर सांगितलं.

मुलीच्या फोनची वेळ झाली. फोन आला नाही. वेळ टळून गेली. बायको उठून देवासमोर गेली, पण तिने निरांजन लावलं नाही, नुसती उभी राहिली. मला काहीतरी करायला हवं होतं. मी टेबलाशी गेलो, विमान दांडीवरून काढलं, उलटं केलं आणि ब्लेड घेऊन पोटाची दारं उचकटायला लागलो.

मी काय करतोय हे मला पूर्ण कळत होतं. प्लास्टिकच्या चाकांचा आणि हजार मैलांवरच्या विमानाचा काही संबंध नसतो हे मी आजही कोणालाही पटवून देईन. तरी मी ब्लेड चालवत होतो. गोंदाने ती दारं पोटाशी एकजीव केली होती. पहिलं दार निघालं ते बाजूचा पत्रा घेऊनच. दुसऱ्याच्या वेळी पात्याचं टोक मोडलं. पोटाला एक लांब चीर गेली. नोकरीत कोणी असं काम आणून दाखवलं असतं तर मी ते भंगारात टाकलं असतं. तिन्ही दारं निघाल्यावर मी चाकांसाठी खोकं उपडं केलं. चौकटींचे सांगाडे निघाले, कागद निघाले, चाकांची पिशवी नव्हती. मी पुन्हा सगळं चिवडलं. माझ्या तोंडून एकदम हुंदका बाहेर पडला.

बायको दारात उभी होती. ती किती वेळ बघत होती कोण जाणे. ती मागे वळली, देव्हाऱ्याशी गेली, बाळकृष्णाच्या मागे हात घालून तिने एक कागदाची पुडी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आत चाकं होती. मी दारं बंद केली त्याच दिवशी तिने ती उचलून ठेवली असणार. इतके महिने रोज त्यांना फूल वाहिलं जात होतं आणि मला पत्ता नव्हता. तिने विमान उलटं धरून ठेवलं, आणि मी चाकं बसवली. वाकडी बसली. आम्ही ते टेबलावर उभं केलं. एका बाजूला कललं, पण उभं राहिलं.

गोंद ओला असतानाच फोन वाजला.

"पोचले," ती म्हणाली.

बायकोने फोन घेऊन स्पीकरवर टाकला. मुलीचा आवाज घोगरा होता. ती आज उडालीच नव्हती, तिच्या जागी दुसरे गेले होते. सगळे फोन बंद ठेवायला लावले होते, आत्ता एकेकाला बोलू देत होते. विमान अजून सापडलं नव्हतं. उजवीकडच्या खुर्चीवर तिच्याच बरोबरीचा एक जण होता, गेल्या दिवाळीत आमच्याकडे येऊन चकल्या खाऊन गेलेला. हे ऐकलं आणि तरीही माझ्या अंगातून सुटकेची गरम लाट गेली. मी ती थांबवू शकलो नाही.

"उद्या पहाटे आभाळ उघडलं तर शोधायला निघायचंय," ती म्हणाली. "माझं नाव आहे."

इतकी वर्षं जे तोंडाशी येऊन परत जात होतं ते मी बोलून टाकलं. "तू जाऊ नकोस. बरं नाही म्हणून सांग. तुझ्यावाचून काही अडत नाही त्यांचं. जाऊ नकोस." माझा आवाज चढला होता.

जिने रोज देवापाशी मुलगी जमिनीवर राहावी असं मागितलं होतं, त्या माझ्या बायकोने फोन उचलून तोंडाजवळ धरला. "ह्यांचं ऐकू नकोस. तू जा," ती म्हणाली. "त्या पोराची आई फोन हातात धरून बसली असेल. नीट बघ. घाई करू नकोस." एवढं बोलून तिने फोन ठेवला. ती तिथेच जमिनीवर बसली. मी पाणी आणलं. भांडं मीच तिच्या तोंडाशी धरलं.

पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "उद्या आपण काय करायचं?"

"घाबरायचं," मी म्हणालो. "दुसरं काय."

तिने मान हलवली, आणि आम्ही दोघं तसेच जमिनीवर बसून राहिलो.