शुक्रवारची रिंग

ज्यू का झालास, असं कुणी विचारलं की मी दर वेळी नवी थाप मारतो. कॅम्प पाच या सिंधी वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात मी कटिंग मास्टर आहे. तिथे सगळ्यांना पक्कं माहीत आहे, की माझ्या स्वप्नात एक संदेष्टा टेम्पोत बसून आला होता. खरं कारण फुसकं आहे. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये एकदा ओळखीच्या काकांबरोबर प्रार्थनेला उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुठे जायची घाई वाटली नाही.

मग काही वर्षं अभ्यास आणि शेवटी धर्मप्रवेशाची समुद्रात बुडी. इतका खोल गेलो की मासे चौकशीला आले. वर आलो तर टाळ्या वगैरे काही नाही. टॉवेलसुद्धा माझा मीच नेला होता.

आई अंबरनाथला असते. तिने सगळं ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, "आजपासून मी तुझ्याशी बोलणार नाही." आणि नाहीच बोलली.

शेठ मात्र बोलतच सुटले. "साईं, शनिवार को छुट्टी? धरम बदला है कि सरकारी नौकरी लगी है?" शेवटी रविवारी काम करायच्या बोलीवर गप्प झाले.

शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मेणबत्त्या लावायच्या. मग शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत गाडी नाही, फोनला हात नाही. म्हणजे ठाण्याचं सिनेगॉगही नाही. काका हसले, "अरे, आम्ही येतो की रिक्षाने! आम्ही जन्माने पास, तू परीक्षा देऊन आलायस." मला सवलत घ्यायचा धीर होईना. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये मी स्वतःलाच 'शब्बाथ शालोम' म्हणायचो आणि आवाज बदलून उत्तरही द्यायचो.

अशाच एका शुक्रवारी मेणबत्त्या लावून बसलो आणि फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'.

हात आपोआप पुढे गेला. मी तो मांडीखाली दाबून बसलो. तिने माफ केलं असेल. आणि आत्ता उचलला नाही तर पुन्हा फोन करणार नाही. रिंग वाजून वाजून थांबली. दुसऱ्या दिवशीचा शनिवार सहज दीड महिना चालला.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. बदलापुरात टॉवरांच्या मधून तारा दिसायला बिल्डरची परवानगी लागते. तिसरा दिसला तसा फोन लावला. तिने उचलला. माझ्याशी बोलली नाही. घरातल्या मांजरीशी बोलली, खणखणीत आवाजात.

"बघ गं बाई, काय घाबरलेत लोक! बोलणार नाही म्हटलं होतं. रिंग देणार नाही असं कुठे म्हटलं होतं? शुक्रवारी उचलत नाहीत, म्हणून तर केली. उचलला असता तर माझा शब्द मोडला असता."

"मांजरीला विचार, जेवली का," मी म्हणालो. फोन कट झाला.

आता दर शुक्रवारी, ती देवापाशी दिवा लावते त्या वेळेला रिंग येते. मी फोन आधीच चार्ज करून, आवाज फुल करून, टेबलाच्या पलीकडे रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलेला असतो. तो वाजत असतो तोवर मी ताट वाढत नाही. थांबला की वाढून घेतो, एकट्यापुरतं.