बाळूकाकांचा उजवा डोळा

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये भुताखेतांचे किस्से निघाले की वह्या उचलून बाहेर पडणारी बाई मीच. त्यामुळे हे लिहिताना फार अवघडल्यासारखं होतंय... पण दीड वर्ष झालं, डोक्यातून जात नाही. जसं घडलं तसं सांगते.

आमचं घर भिवंडीत, कामतघरला. खाली दादाचा लूमचा कारखाना, वर आम्ही राहतो. लूम चालू असले की टेबलावरचा चहासुद्धा थरथरतो. त्याच टेबलावर मी दीर्घिकांच्या अतिनील प्रतिमांचा अभ्यास करते. नव्या, तापलेल्या ताऱ्यांचा बराचसा प्रकाश अतिनील असतो. तो आपल्याला दिसत नाही, आणि वातावरण त्यातला बहुतेक वरच अडवतं. म्हणून दुर्बीण उपग्रहावर ठेवावी लागते आणि तिची निरीक्षणं हाती यायची वाट बघावी लागते.

बाळूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, राहायला जवळच्या अंजूर गावात. तरुणपणी लूमवर कामाला असताना आडवा धागा नेणारा लाकडी धोटा उडून त्यांच्या उजव्या डोळ्याला लागला. डॉक्टरांनी आतलं भिंग काढून टाकलं, दुसरं काही बसवलं नाही. चष्म्याशिवाय त्या डोळ्याला समोरची बोटंही मोजता येत नव्हती.

एका रविवारी ते जेवायला आले होते. मी एका दीर्घिकेचा साध्या प्रकाशातला फोटो छापून भिंतीवर लावला होता. काकांनी चष्मा काढला, डावा डोळा हाताने झाकला आणि कागदाला नाक लावून उभे राहिले.

"सुमे, ह्ये भायेरचे का न्हाय दावलंस?"

"बाहेर कुठे? तिकडे काळोख आहे नुसता."

"काय काळोख! जांभले जांभले ठिपके हायत की."

मी हसले आणि त्यांच्या हातात टाचणी दिली. त्यांनी काळ्या भागात सात ठिकाणी टोचलं, अजिबात न अडखळता. मी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

तीन आठवड्यांनी त्याच दीर्घिकेची अतिनील निरीक्षणं हाती आली. दीर्घिकेच्या दिसणाऱ्या तबकडीच्या बरंच बाहेर नव्या ताऱ्यांचे पुंजके होते. सहज म्हणून मी प्रतिमा फोटोच्या मापाची केली आणि तो कागद स्क्रीनवर धरला. सातही भोकांतून उजेड आला.

मी कागद खाली ठेवला. पुन्हा धरला. सातही!

आता एक सांगते — डोळ्यातलं भिंग काढलं की माणसाला थोडा अतिनील प्रकाश दिसू शकतो, हे विज्ञानाला माहीत आहे. पण छापलेल्या कागदातून दीर्घिकेचा अतिनील प्रकाश येत नाही. कसा येईल? तिथे फक्त शाई होती.

मी काकांना फोन करून बोलावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी ते रिक्षाने आले. मी दुसऱ्या दीर्घिकेचा फोटो तयार ठेवला होता. त्यांनी चष्मा काढला... आणि फोटोकडे बघितलंच नाही. ते फरशीकडे बघत होते.

"सुमे, खाली कोन हाय?"

"दादा आहे, कामगार आहेत. का?"

"तसाच जांभला उजेड हाय. मागच्या भिंतीला. लय हाय." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पोरांना भायेर काढ. आदी जा!"

मी उभीच राहिले. काय सांगू खाली जाऊन? काकांना फरशीतून दिसतंय? मग ती सात भोकं आठवली आणि मी जिना उतरले.

"दादा, लूम बंद कर. सगळे बाहेर या."

"डोकं फिरलंय का तुझं? माल संध्याकाळी द्यायचाय."

मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरून खोटं बोलले. "वर गॅस लीक झालाय!"

दादा शिव्या घालत वर पळाला. कामगार बाहेर पडले. फक्त रमजान मागच्या लूमपाशी वाकून उभा होता. मी त्याच्यापर्यंत गेले.

"दीदी, एक धागा टूटा है, बस जोड़ के आया."

मी त्याची बाही धरून ओढली. तो चिडला, पण आला. आम्ही गल्लीत उभे. दोन मिनिटं गेली असतील. दादा लालबुंद होऊन खाली आला. "कुठाय वास? सिलिंडर तर बंद —"

आत स्फोट झाला. मागच्या भिंतीवरचं विजेचं पॅनेल फुटलं होतं. हवेत उडणाऱ्या सुताने पेट घेतला आणि बंब येईपर्यंत तीन लूम जळाले. पॅनेलचं पत्र्याचं दार रमजानच्या लूमवर, तो उभा होता त्याच जागी पडलेलं होतं. पाच माणसं वाचली. काका वरून उतरले तेव्हा भिंतीला धरून रडत होते.

वायरमन म्हणाला, आत खूप वेळ स्पार्किंग होत असणार. स्पार्किंगमधून अतिनील प्रकाश निघतो, इथवर मी समजू शकते. पण बंद पत्र्याच्या आतला, आणि वर काँक्रीटच्या स्लॅबमधून? मी कित्येक वह्या भरल्या. उत्तर नाही.

काकांना विचारलं तर म्हणाले, "मना नको तो डोला." काही महिन्यांनी त्यांनी ऑपरेशन करून कृत्रिम भिंग बसवून घेतलं. त्यातून अतिनील प्रकाश जात नाही. आता त्यांना नीट दिसतं, पेपर वाचतात. जांभळं काही दिसत नाही.

कारखाना पुन्हा उभा राहिलाय, पण काकांनी बघितल्याशिवाय रमजान लूमला हात लावत नाही. "चाचा, देख लो ना." म्हणून काका रोज सकाळी अंजूरहून येतात, चष्मा काढतात, डावा डोळा झाकतात आणि चारी भिंतींकडे बराच वेळ बघत राहतात.

मग म्हणतात, "चालू करा. काय न्हाय."

तो जांभळा उजेड त्यांना आता दिसतच नाही, हे फक्त त्यांना आणि मला माहीत आहे.